२३ एप्रिल १६१६: एक तारीख, दोन मृत्यू आणि एक हरकत

एका आंतरमहाविद्यालयीन इतिहास प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीत उठलेल्या हरकतीची ही हकिकत. गाव, महाविद्यालये आणि माणसे यांची नावे गाळली आहेत. हरकत ऐकायला नेमलेल्या तिघांच्या समितीत मी होते, त्यामुळे बंद दाराआडचे बोलणेही यात आले आहे.

पार्श्वभूमी

स्पर्धा जुनी आणि मानाची. तालुक्याच्या गावी भरते, पण आजूबाजूच्या तीन-चार जिल्ह्यांतून संघ येतात. त्या वर्षीचा विषय होता जगाच्या इतिहासातली कोडी: साम्राज्ये, युद्धे, संस्कृती. प्रश्न एका निवृत्त प्राध्यापकांनी काढले होते. माणूस व्यासंगी, जिल्ह्यात आदर मोठा. त्यांची उत्तरतालिका बंद पाकिटात यायची आणि व्यासपीठावरच फोडली जायची. क्विझमास्टर महाविद्यालयाचाच माजी विद्यार्थी होता, बोलायला चटपटीत. इतिहास मात्र त्याचा विषय नव्हता.

नियमपत्रक एका पानाचे होते. त्यात हरकत अर्ध्या तासात लेखी द्यावी असा एक नियम होता आणि क्विझमास्टरचा निर्णय अंतिम राहील असा दुसरा. दोन्ही नियम वर्षानुवर्षे एकाच पानावर सुखाने नांदत होते, कारण तोवर कुणी हरकतच घेतली नव्हती.

अंतिम फेरीत तीन संघ होते. त्यांना क, ख आणि ग म्हणू.

काय घडले

दुसऱ्या फेरीत क संघाला थेट प्रश्न आला: १९१७ मध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने रशियाच्या राजधानीत, पेत्रोग्राडमध्ये, सत्ता हाती घेतली, तो महिना कोणता? संघाने उत्तर दिले, ऑक्टोबर. क्विझमास्टरने तालिका पाहिली आणि मान हलवली. प्रश्न ग संघाकडे पास झाला, त्यांनी नोव्हेंबर सांगून पाच गुण घेतले. क संघाचे दहा गुण हुकले. मुले थोडी कुजबुजली आणि गप्प बसली.

चौथी फेरी ‘चूक की बरोबर’ची होती. बरोबर उत्तराला दहा गुण, चुकल्यास पाच वजा. ख संघाला विधान आले: इंग्रजी नाटककार शेक्सपियर आणि स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हांतेस यांचा मृत्यू एकाच दिवशी झाला. संघातल्या मुलीने बझर दाबून ‘चूक’ म्हटले आणि न विचारता कारणही दिले, ‘सर, इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं कॅलेंडर होतं.’

क्विझमास्टर म्हणाला, ‘पण तारीख तर दोघांचीही २३ एप्रिल १६१६ आहे ना? मग उत्तर ‘बरोबर’ असं हवं होतं.’ पाच गुण वजा झाले.

प्रकरण खरे तिथेच चिघळले, कारण प्रेक्षकांतून गलका झाला आणि आयोजकांपैकी एकाने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधले. युनेस्कोच्या जागतिक पुस्तक दिनाची माहिती त्याला सापडली. १९९५ मध्ये युनेस्कोने २३ एप्रिल हा दिवस निवडला तो याच दोघांच्या, आणि पेरूमध्ये जन्मलेले लेखक इन्का गार्सिलासो दे ला वेगा यांच्या, मृत्युतारखेचा दाखला देऊन. ही माहिती माइकवरून वाचून दाखवण्यात आली. टाळ्या पडल्या. एका जागतिक संस्थेचे नाव घेतल्यावर सभागृहाच्या दृष्टीने विषय संपला होता. मुलगी खाली बसली, पण तिने वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केलेली मला प्रेक्षकांतून दिसली.

शेवटी गुणफलक असा होता: क ११५, ख ११०, ग ९०. फिरता चषक क संघाकडे जाणार होता. विसाव्या मिनिटाला ख संघाची लेखी हरकत आली. प्राचार्यांनी बक्षीस समारंभ थांबवला आणि तिघांची समिती नेमली: दुसऱ्या महाविद्यालयातले एक ज्येष्ठ सर, यजमान महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडम आणि मी.

हरकतीत काय होते

वहीचे फाडलेले एक पान होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. मुद्दे पक्के होते.

इंग्लंडमध्ये तेव्हा चालणारे जुने, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरते. सूर्याचे प्रत्यक्ष वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. वर्षाला ११ मिनिटे कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चच्या आसपास सरकला होता. ईस्टरचा सण याच संपातावरून ठरत असल्याने चर्चला हे खुपत होते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये फर्मान काढले आणि गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर धरला गेला. शतकाच्या शेवटच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप, असा नवा नियमही आला.

स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतली बहुतेक राज्ये यांनी हे तत्काळ मानले. फ्रान्सने त्याच वर्षी डिसेंबरात. प्रॉटेस्टंट इंग्लंडला पोपचे गणित बरोबर असले तरी पोपचे होते. त्यांनी १७५२ पर्यंत वाट पाहिली, आणि तोवर फरक ११ दिवसांचा झाला. त्या वर्षी तिथे बुधवार २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार १४ सप्टेंबर उजाडला.

म्हणजे १६१६ मध्ये सर्व्हांतेस यांचे माद्रिद आणि शेक्सपियरचे स्ट्रॅटफर्ड यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर होते. इंग्लंडचा २३ एप्रिल हा स्पेनचा ३ मे. सर्व्हांतेस गेले तेव्हा शेक्सपियर जिवंत होते आणि पुढे दहा-अकरा दिवस जिवंत राहिले.

हरकतीतला सर्वात देखणा भाग वारांचा होता. कॅलेंडर बदलताना तारखा गाळल्या गेल्या, पण आठवड्याची साखळी कुणी तोडली नाही. त्यामुळे वार हा निष्पक्ष साक्षीदार ठरतो. मुलीने पानाच्या मागे आकडेमोड करून दाखवले होते की १६१६ चा २३ एप्रिल स्पेनमध्ये शनिवारी आला आणि इंग्लंडमध्ये मंगळवारी. एकच दिवस शनिवार आणि मंगळवार दोन्ही असू शकत नाही. आम्ही तिघांनी ती आकडेमोड स्वतंत्रपणे करून पाहिली. बरोबर होती.

ग्रंथपाल मॅडमनी चरित्रकोश आणल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली, जी हरकतीत नव्हती. सर्व्हांतेस यांची २३ एप्रिल ही तारीख माद्रिदच्या सान सेबास्तियान चर्चच्या नोंदवहीतून आली आहे. अभ्यासकांचे आजचे मत असे की मृत्यू २२ एप्रिलला झाला आणि २३ हा दफनाचा दिवस. शेक्सपियरच्या बाबतीत गंमत उलटी आहे. स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या वहीत २५ एप्रिलला दफन झाल्याची नोंद आहे आणि २३ ही मृत्युतारीख त्यांच्या स्मारकावरच्या लेखातून येते. म्हणजे एकाच्या दफनाची तारीख दुसऱ्याच्या मृत्यूच्या तारखेशी जुळवली गेली, तीही दोन वेगळ्या कॅलेंडरांत. तारखा जशा लिहिल्या गेल्या तशा धरल्या काय किंवा आजच्या कॅलेंडरात आणल्या काय, ‘एकाच दिवशी’ हे विधान टिकत नव्हते.

प्रश्न काढणाऱ्या सरांना बोलावले. त्यांनी पान वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘पोरीचं बरोबर आहे. मी पुस्तक दिनाच्या पत्रकावरून घेतलं होतं.’ हा मोकळेपणा नसता तर पुढचे दोन तास फार वाईट गेले असते.

पेच

एवढ्यावर ख संघाला पंधरा गुण देऊन (वजा केलेले पाच परत आणि हक्काचे दहा) १२५ वर नेले असते, तर प्रकरण संपले असते. पण ग्रंथपाल मॅडम उत्तरतालिका पहिल्यापासून वाचत होत्या. त्या दुसऱ्या फेरीच्या पानावर थांबल्या. ‘इथे मात्र सरांनी तारीख बदलून घेतली आहे,’ त्या म्हणाल्या.

रशिया १९१८ पर्यंत ज्युलियन कॅलेंडरवरच होता. फरक तेव्हा १३ दिवसांचा होता. पेत्रोग्राडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सत्तांतराचा दिवस २५ ऑक्टोबर होता. पॅरिस-लंडनमध्ये ७ नोव्हेंबर. बोल्शेविकांनीच पुढे कॅलेंडर बदलले आणि ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी आणला. मग सोव्हिएत काळात ‘महान ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला साजरा होत राहिला.

तालिकेने रशियाच्या बाबतीत आजच्या कॅलेंडराची तारीख धरली होती आणि इंग्लंडच्या बाबतीत त्या काळची स्थानिक. दोन प्रश्न, दोन मोजपट्ट्या. आणि दोन्हींचा फटका वेगवेगळ्या संघांना. क संघाने ‘ऑक्टोबर’ म्हटले, ते त्या शहरातल्या त्या दिवसाच्या वर्तमानपत्रावरची तारीख पाहता बरोबर होते.

पर्याय

निकाल आहे तसा ठेवणे हा पहिला मार्ग होता. क्विझमास्टरचा निर्णय अंतिम, असे पत्रकात लिहिलेलेच होते. आयोजकांपैकी काहींना हेच हवे होते, कारण जाहीर झालेला निकाल फिरवला की पुढच्या वर्षी प्रत्येक प्रश्नावर हरकत येईल, अशी भीती होती. प्रश्न काढणाऱ्यानेच चूक मान्य केल्यावर आम्हाला हे शक्य वाटले नाही.

दोन्ही प्रश्न रद्द करणे हा आयोजकांच्या जिभेवर सर्वात आधी येणारा उपाय. तसे केल्यास ख संघाला वजा झालेले पाच परत मिळून ११५, क संघ ११५ वरच, ग संघाचे पाच जाऊन ८५. बरोबरी झाली असती आणि एका निर्णायक प्रश्नावर चषक ठरला असता. दिसायला न्याय्य. पण जिने बरोबर उत्तर दिले, कारणासह दिले आणि लेखी सिद्धही केले, तिला शून्य गुण देणे हे मला तरी पटत नव्हते. चूक प्रश्नात आहे म्हणून उत्तरही पुसून टाकायचे, ही सवय आपल्याकडे परीक्षांत फार रुजली आहे.

तिसरा मार्ग फक्त ख संघाची दुरुस्ती करण्याचा. ख १२५, क ११५. हरकत एकाच संघाने वेळेत दिली होती, म्हणून तेवढीच ऐकायची.

चौथा, दोन्ही दुरुस्त करण्याचा. क संघाला दहा गुण द्यायचे. मग दोघेही १२५.

या चर्चेत ज्येष्ठ सरांनी एक सरसकट नियम सुचवला: सगळ्या तारखा आजच्या, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडराने धराव्यात. ऐकायला सोपा आणि स्वच्छ. तसे झाले तर ‘नोव्हेंबर’ बरोबर, ख संघही बरोबर, आणि क संघाचा प्रश्नच उरत नाही.

ग्रंथपाल मॅडमनी शांतपणे विचारले, ‘सर, मग १९ फेब्रुवारीचं काय करायचं?’

शिवाजी महाराजांची राज्य सरकारने मान्य केलेली जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही तारीख ज्युलियन आहे. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या कालनोंदीत, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. १६३० मध्ये ज्युलियन १९ फेब्रुवारीला शुक्रवार येतो. ग्रेगोरियन १९ फेब्रुवारीला मंगळवार. आजच्या कॅलेंडराने तो दिवस १ मार्च होतो. रायगडावरच्या राज्याभिषेकाचेही तेच. ६ जून १६७४ ही ज्युलियन तारीख. तिथे हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हेच कॅलेंडर वापरत होता. ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १६ जून. अंतिम फेरीत ऑक्झिंडेनवर एक प्रश्न होताच, सुदैवाने त्यात तारीख विचारली नव्हती.

कोकण किनाऱ्यावर तर ही दोन कॅलेंडरे शेजारी शेजारी चालत होती. गोव्याचे पोर्तुगीज ग्रेगोरियन तारीख टाकत, सुरतेचे आणि पुढे मुंबईचे इंग्रज ज्युलियन, आणि मराठे शक-तिथीने लिहीत. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाच्या तहाची १६ मे १७३९ ही तारीख मुंबईच्या इंग्रजाच्या वहीत ५ मे ठरते. वसई आणि मुंबई यांच्यात जेमतेम एक खाडी आणि अकरा दिवस.

सरसकट नियम तिथेच बारगळला. ज्येष्ठ सर हसून म्हणाले, ‘सोळा जूनला रायगडावर जा असं सांगणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही.’

निर्णय

शेवटी जे तत्त्व ठरले ते असे: प्रश्नात कॅलेंडर सांगितलेले नसेल, तर त्या काळच्या स्थानिक किंवा आजच्या, कोणत्याही कॅलेंडराने बरोबर ठरणारे उत्तर मान्य करायचे. त्यानुसार ‘ऑक्टोबर’ बरोबर आणि ‘नोव्हेंबर’ही बरोबर, ग संघाचे पाच गुण कायम. ख संघाचे ‘चूक’ हे उत्तर दोन्ही बाजूंनी टिकत होतेच.

तत्त्वावर आमचे एकमत झाले, पण ते क संघाला लावायचे की नाही यावर नाही. माझे म्हणणे होते की लावू नये. त्यांनी हरकत दिलेली नव्हती, अर्धा तास उलटून गेला होता, आणि आपण होऊन एक प्रश्न उघडला की बाकीच्या सगळ्या प्रश्नांची तपासणी का केली नाही याला उत्तर राहत नाही. बाकी दोघांचे म्हणणे होते की समितीला जे दिसले ते न पाहिल्यासारखे करता येणार नाही, आणि ते दिसले ते ख संघाच्याच हरकतीमुळे. एकाला लागू केलेला नियम त्याच पानावर दुसऱ्याला नाकारायचा कसा? दोन विरुद्ध एक. दोन्ही संघ १२५ वर संयुक्त विजेते ठरले.

मी आजही त्या मुद्द्यावर फारशी हललेली नाही. पण एक कबूल करायला हवे: माझ्या मार्गाने गेलो असतो तर क संघाच्या पालकांना उत्तर द्यायला मी तिथे नसते, यजमान महाविद्यालय असते.

परिणाम

संयुक्त विजेतेपद जाहीर झाल्यावर कुणीच पूर्ण खूश नव्हते. ख संघाच्या मार्गदर्शक मॅडमना वाटले की त्यांच्या मुलीने लढून मिळवलेल्या विजेतेपदात दुसऱ्यांना आयता वाटा मिळाला. क संघाला वाटले की हातातला चषक अर्धा गेला. चषक सहा-सहा महिने वाटून घ्यायचे ठरले. प्रश्न काढणाऱ्या सरांनी माइक मागून घेतला आणि सभागृहाला दहा दिवसांचा हिशेब स्वतः समजावून सांगितला. टाळ्या या वेळी त्या मुलीसाठी होत्या. माझ्या मते समारंभ वाचला तो आमच्या निर्णयामुळे कमी आणि त्या पाच मिनिटांमुळे जास्त.

पुढच्या काही आठवड्यांत ग्रंथपाल मॅडमनी जुना प्रश्नसंच चाळला. त्यात ‘ज्या वर्षी गॅलिलिओ वारला त्याच वर्षी कोण जन्मला?’ हा प्रश्न होता, उत्तर न्यूटन. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, इटलीच्या ग्रेगोरियन कॅलेंडराने. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, इंग्लंडच्या ज्युलियनने. ग्रेगोरियनने तो ४ जानेवारी १६४३ होतो. एका कॅलेंडरावर राहिलात तर हा योगायोग उरत नाही. ज्युलियनने मोजले तरी नाही, कारण मग गॅलिलिओ डिसेंबर १६४१ मध्ये जातो. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मतारखेचा प्रश्न तर आणखी अडचणीचा निघाला. जन्माच्या वेळची नोंद ११ फेब्रुवारी १७३१, आजची तारीख २२ फेब्रुवारी १७३२. तिथे दिवसच नव्हे, वर्षही बदलते, कारण इंग्रजांचे कायदेशीर नवे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई.

१७५२ मध्ये ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणत इंग्लंडमध्ये दंगली झाल्या, असेही एक विधान ‘बरोबर’ म्हणून संचात होते. त्या घोषणेचा ठाऊक असलेला धागा विल्यम होगार्थच्या निवडणुकीवरच्या चित्रातल्या फलकापर्यंत जातो. दंगली झाल्याचा भरवशाचा पुरावा नसल्याने इतिहासकार त्या मानत नाहीत. ते विधान काढून टाकले.

काय वेगळे करता आले असते

पहिली संधी मुलीने कारण सांगितले त्या क्षणी होती. क्विझमास्टरला ‘निर्णय राखून ठेवतो’ म्हणण्याची मुभा नियमांनी दिली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. तालिका चुकू शकते हे गृहीत धरलेलेच नव्हते, म्हणून त्याच्याकडे हो किंवा नाही एवढेच होते. त्याला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही.

मोबाइलवरचा शोध माइकवरून वाचणे ही मात्र टाळता येण्यासारखी गोष्ट होती. शोधायला हरकत नाही. पण जाहीर केल्यावर मागे फिरणे महाग पडते, आणि नाव मोठे म्हणून माहिती तपासलेली असते असे नाही. युनेस्कोला पुस्तकांसाठी एक प्रतीकात्मक दिवस हवा होता, कॅलेंडरांचा हिशेब नव्हे. त्या कामासाठी ती तारीख चालून गेली. आमच्या कामासाठी नाही.

क संघाबाबत, हरकत आली की त्याच प्रकारचे सगळे प्रश्न तपासले जातील, असे नियमपत्रकात आधीच असते तर आमच्यात मतभेदाला जागाच नव्हती. ते कलम आता घातले आहे. क्विझमास्टरचा निर्णय अंतिम असण्याचा नियम काढला आहे. प्रश्न पाठवण्याच्या तक्त्यात ‘स्रोत’ आणि ‘कॅलेंडर’ असे दोन रकाने वाढवले आहेत.

प्रश्न अजूनही तेच निवृत्त सर काढतात आणि दुसरा रकाना काटेकोरपणे भरतात. शिवकाळावरच्या प्रश्नांपुढे मात्र ते त्या रकान्यात आडवी रेघ मारतात आणि समासात शक, तिथी, वार लिहून देतात. त्यावर आमच्यापैकी कुणी अजून हरकत घेतलेली नाही.